गोळा मानेला लावून हसता येत नाही

"वजन लपवू नये. लपवलं की ते पाठीत जाऊन बसतं," असं वहिनी कायम म्हणायची.

रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला हे ऐकावं लागे. नव्या बाईला वाटतं, आपण तगड्या आहोत हे आधी दाखवून द्यावं. मग ती ओल्या चादरींचं गाठोडं हसत हसत उचलते, जसं काही कापूसच भरलाय त्यात. वहिनी लांबून बघायची आणि हातातलं काम न थांबवता म्हणायची, "अगं, हसतेस कुणासाठी? जड आहे ना? मग जड असल्यासारखं उचल. गुडघ्यात वाक, तोंड वाकडं होऊ दे, कण्हावंसं वाटलं तर कण्ह. इथे काय तुला बघायला पाहुणे आलेत?"

बायका हसायच्या. वाफेनं भरलेल्या त्या लांबलचक खोलीत हसूसुद्धा ओलं होऊन खाली बसायचं. एका बाजूला धुलाईची मोठी यंत्रं घरघरत असायची, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचे तापलेले रूळ, आणि मधल्या वाटेनं वहिनी गाठोडी घेऊन ये-जा करायची. चालणं कसं, तर नांगरटीतून चालणाऱ्या माणसाचं. घाई नाही, पण पाऊल पडलं की जमिनीला कळावं.

घरात ती थोरल्याची बायको, म्हणून धाकट्या दिरांची वहिनी. दिरांचे मित्र वहिनी म्हणू लागले, त्यांचं ऐकून गल्ली म्हणू लागली, गल्लीचं ऐकून लॉन्ड्री. सासरे हयात होते तेव्हा एकदा चुकून तेही "वहिनी, पाणी आणा" म्हणून गेले, आणि त्या दिवशी घरात हसण्यापायी कुणाला धड घास गिळता आला नाही.

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. अंगानं सुतळीसारखा. दोघं रस्त्यानं निघाले की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय हो, कोण कुणाला फिरायला नेतंय?" तो शांतपणे सांगायचा, "वारा सुटलाय ना, म्हणून हिला धरून चाललोय. उडून गेलो तर मशिनी कोण बघणार?" बायकोच्या रुंद खांद्यांचा त्याला भारी अभिमान. तिचे कपडे तो स्वतः शिवायचा. बाजारातलं कुठलंच तिला दंडाला बसत नसे.

आणि वहिनी गोळा फेकायची.

शाळेत असताना फेकायची, लग्न झाल्यावर फेकायची, दोन मुलं झाली तरी फेकत राहिली. स्पर्धांचे दिवस सरले तसं तिनं मुलींना शिकवायला घेतलं. क्रीडा मंडळाच्या मैदानाच्या पार मागच्या कोपऱ्यात सिमेंटचं एक वर्तुळ होतं, भोवती लोखंडी कडा, पुढे पाय अडवायला लाकडी फळी, आणि त्यापुढे मऊ मातीचा पट्टा. सकाळी कामावर जायच्या आधी ती तिथे असायची. लॉन्ड्रीतल्या बायकांच्या मुली, गल्लीतल्या मुली, कुणाची भाची, कुणाची पुतणी, अशी पोरींची टोळी तिच्याभोवती जमायची. पैसा ना फी. पायात बूट असले पाहिजेत आणि केस घट्ट बांधलेले, एवढीच अट.

त्या वर्तुळावर तिचा जीव होता. शेतकऱ्याचा बांधावर असतो तसा. पाऊस पडून गेला की ती स्वतः झाडू घेऊन पाणी काढायची, कडेची माती नखानं उकरायची. सिमेंटला एक बारीक तडा गेला होता, तो दर वर्षी नवऱ्याकडून भरून घ्यायची.

एके दिवशी मंडळाचे सचिव सकाळीच मैदानावर आले. गोड बोलणारे गृहस्थ. वाईट बातमीसुद्धा ते अशा सुरात द्यायचे की ऐकणाऱ्यानं त्यांचेच आभार मानावेत.

"वहिनी, तुमचं काम फार मोलाचं आहे हो," ते म्हणाले.

वहिनीनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"सभासदांच्या गाड्या वाढल्यात. रस्त्यावर उभ्या करतात, लोक बोंब मारतात. कमिटीचं म्हणणं, हा मागचा कोपरा गाड्यांना द्यावा. म्हणजे अजून ठरलं नाहीये. बैठकीत ठरेल."

"आणि मुली?"

"तेच तर. खरं सांगू का, कमिटीतल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नाही की इथे मुली गोळा फेकतात. पेपरात एखादा चांगला फोटो आला ना, तर मला बोलायला तोंड राहील. माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर आहे. पाठवू का तुमच्याकडे?"

पेपरातला फोटो म्हटल्यावर वहिनीच्या कपाळाला आठी पडली. तिला जुनी गोष्ट आठवली. तरुणपणी एका मोठ्या स्पर्धेत तिनं पहिला नंबर काढला होता. उन्हात उभं राहून, एकामागून एक फेकी करून, शेवटच्या फेकीत जीव ओतून काढलेला नंबर. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला तो तोंडात क्लिप धरून केस बांधतानाचा. खाली लिहिलं होतं, 'विसाव्याचा एक मोहक क्षण.' त्याच पानावर पुरुषांच्या गोळाफेकीतला पहिला आलेला गडी होता. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, गोळा नुकताच बोटांवरून सुटलेला. दिवसभरात केस बांधायला तिला कितीसा वेळ लागला असेल? नेमका तेवढाच पेपरवाल्यांच्या हाती लागला होता.

पण आता प्रश्न तिचा नव्हता, वर्तुळाचा होता. "पाठवा," ती म्हणाली.

फोटोग्राफर आला तो सुट्टीच्या दिवशी, आणि आला तो थेट घरी. भरपूर खिशांचं जाकीट घातलेला, मध्यम वयाचा, बोलायला नम्र. वहिनी मैदानावर जायच्या तयारीनं बूट घालून बसली होती.

"मैदानावर नको," तो म्हणाला. "मैदान काय, सगळ्यांचंच असतं. घरातला काढू. गोळाफेक करणारी बाई घर कसं सांभाळते, असं. लोकांना आवडतं ते. जरा ठेवणीतले कपडे घालाल का?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना हे ऐकून इतका आनंद झाला की त्या सुनेच्या आधीच कपाटाशी पोचल्या. "मी हिला जन्मभर सांगतेय, जरा बाईमाणसासारखं नीटनेटकं राहावं. भाऊ, तुम्ही तरी सांगा हिला!" त्यांनी स्वतःचे कानातले काढून सुनेच्या कानात घातले, तिचे घट्ट बांधलेले केस सोडले, आणि दोन पावलं मागे होऊन म्हणाल्या, "हं. आता कशी माणसांत आलीस."

खिडकीतल्या कुंडीजवळ वहिनीला उभं केलं. तिनं कोपऱ्यातला लोखंडी गोळा उचलला, बोटांच्या मुळांवर बसवला, हनुवटीखाली मानेत दाबला, कोपर वर काढलं. झालं. चेहरा आपोआप बदलला. जबडा आवळला, मानेची शीर तटतटली, डोळे कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे गेले.

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. "वहिनी, जरा हसा ना."

"गोळा मानेला लावून हसता येत नाही."

"थोडंसं. नुसतं ओठांत."

"अहो भाऊ, इथे जबडा दाबलेला असतो. हसलं की गोळा सुटतो. पायावर पडला तर तुमच्याच पडेल."

फोटोग्राफर दोन पावलं मागे सरला. मग त्यानं इकडेतिकडे बघितलं. दारात शेजारच्या मुलाचा रबरी चेंडू पडला होता, लोखंडी गोळ्याएवढाच. तो त्यानं हातात घेऊन गोल फिरवला आणि म्हणाला, "बुटाचं काळं पॉलिश आहे का घरात?"

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं छताकडे.

"हे खोटं होईल," ती म्हणाली.

"फोटोत काय कळतंय हो! चेहरा मोकळा दिसेल. पहिल्या पानावर नाही तरी आतल्या पानावर मोठा लागेल, माझा शब्द. कमिटीला तेच हवंय ना?"

सासूबाई पॉलिशची डबी घेऊन हजर झाल्या होत्याच. सिमेंटच्या वर्तुळावर गाड्या उभ्या आहेत, तेल गळतंय, हे वहिनीच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं हात पुढे केला.

काळा केलेला चेंडू तिनं तळहातावर घेतला. मानेला लावला तर पॉलिश लागेल, म्हणून फोटोग्राफर म्हणाला जरा लांबच धरा. कोपर खाली राहिलं. केस खांद्यावर. आणि वहिनी हसली. वजनच नव्हतं, न हसायला काय झालं? तरी थोडं पॉलिश तिच्या गालाला लागलंच. ते काढताना सासूबाईंनी गाल असा घासला की दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत बायका विचारत होत्या, "काय गं, नवऱ्यानं मारलं का? त्याच्या हातात एवढा जोर कुठून आला?"

फोटो आला. कबूल केल्यासारखा मोठा आला. वर मथळा, 'संसाराचा तोल सांभाळणारी नाजूक ताकद.' नवऱ्यानं तो मोठ्यानं वाचला आणि बायकोकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "यातली नाजूक कोण? मला भेटायचंय तिला."

पण गल्ली खूश होती. सासूबाईंनी चार घरी अंक नेऊन दाखवला. दुकानदारानं फोटो कापून काउंटरच्या काचेखाली ठेवला. जो तो म्हणे, वहिनी, तुम्ही इतक्या छान दिसता हे कधी कळलंच नाही! वहिनी मान हलवायची. स्तुती ऐकताना तिला कसंसंच व्हायचं. दुसऱ्या कुणाच्यातरी नावानं आलेलं पार्सल आपण सही करून घेतोय, असं काहीतरी.

मैदानावर मात्र निराळंच घडलं.

त्या आठवड्यात मधल्या उंचीची एक पोर, लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीची मुलगी, वर्तुळात उभी राहिली. वहिनी दुसरीचे पाय बघत होती. या पोरीनं गोळा तळहातावर घेतला, मानेपासून लांब धरला, कोपर खाली सोडलं, आणि ओठांत हसली. मग तशीच फिरली आणि फेकायला गेली. लोखंड ते लोखंड. मनगट मागे वळलं, गोळा वर्तुळातच धप्पकन पडला, आणि पोर हात पोटाशी धरून खाली बसली.

वहिनी धावत गेली. "असं कुणी सांगितलं तुला? मी कधी शिकवलं असं?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात तक्रार नव्हती. तिनं अगदी सरळ मनानं सांगितलं, "फोटोत तुम्ही असंच धरलंय. मला वाटलं, चांगलं यायला लागलं की असं हलकं होतं."

वहिनीनं पोरीचं मनगट आपल्या रुंद तळव्यात घेतलं आणि कितीतरी वेळ नुसतं धरून ठेवलं. हाड शाबूत होतं, मुरगळलं होतं. ओलं फडकं बांधून ती तिला घरी सोडून आली. पोरीची आई रागावली नाही. उलट म्हणाली, "होतं गं, खेळताना लागतंच." ते वहिनीला जास्त लागलं.

वर्तुळाचं दुखणं अजून यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सचिव भेटले ते हसतमुखानं.

"वहिनी, कमिटी बेहद्द खूश आहे फोटोवर! सगळ्यांनी बघितला. आणि मी तुमच्यासाठी तोडगाही काढलाय. गाड्या मागे जाऊ दे. तुम्हाला मी आतलं अंगण देतो, ऑफिससमोरचं. फरशी आहे, वर सावली आहे. मुलींना ऊनसुद्धा लागणार नाही."

"फरशीवर गोळा?" वहिनीला आपण काय ऐकतोय ते कळेना. "फरशी फुटेल हो."

"अहो, फोटोत बघितलाय ना गोळा. एका हातावर घेऊन हसत उभ्या आहात. अध्यक्ष म्हणालेसुद्धा, इतका सुटसुटीत खेळ आहे हे माहीत नव्हतं, याला मैदान कशाला अडवायचं?" आणि मग प्रेमानं, "तुम्ही काळजी करू नका. फुटली फरशी तर मी भरून देईन, माझ्या पदरचे."

जो फोटो वर्तुळ वाचवायला काढला, त्यानंच वर्तुळ घालवलं होतं. वहिनी त्या दिवशी लॉन्ड्रीत गाठोडी उचलत राहिली. यंत्रांचा आवाज तेवढा मोठा वाटत होता.

काम सुटल्यावर ती तशीच वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. जिना चढून वर, एका लांब खोलीत, काचेच्या आडोशामागे क्रीडा पानाचे संपादक बसायचे. भिंतीवर चांगले आलेले फोटो लावलेले. तिनं ते एकेक करून बघितले. धावणारा, छाती पुढे काढून फीत तोडणारा. कुस्तीतला, दात ओठ खाणारा. वजन उचलणारा, तोंड उघडं, घामानं निथळणारा. मग एक पोहणारी बाई, टॉवेल गुंडाळून हसणारी. एक टेनिसवाली, रुमालानं मान पुसणारी. एक धावपटू, आईच्या गळ्यात पडून रडणारी. बायका काय करतात ते एकाही फोटोत नव्हतं. करून झाल्यावर कशा दिसतात, तेवढं होतं.

संपादकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. वहिनीनं सांगितलं, "तो गोळा रबराचा होता. तेवढं छापा. आणि एक खरा फोटो छापा, मैदानावरचा."

ते हसले. वाईट हसले नाहीत, घरच्यासारखे हसले. "अहो वहिनी, असं कोण छापतं? आणि फोटो किती सुंदर आलाय! कुणाचं काय नुकसान झालं?"

"एका पोरीचं मनगट मुरगळलं. आणि माझं वर्तुळ चाललंय."

"ते वाईट झालं," ते खरोखर गंभीर होऊन म्हणाले. "पण बघा, आमचा वाचक सकाळी चहा पिताना पान उघडतो. त्याला प्रसन्न वाटलं पाहिजे. जोर लावताना बाईचा चेहरा... तुम्हालाच नंतर आवडणार नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

वहिनीनं भिंतीवरच्या वजन उचलणाऱ्याकडे बोट केलं. "यांना बघून चहा जातो का घशाखाली?"

"त्यांचं वेगळं."

"काय वेगळं?"

संपादकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग फोटोकडे बघितलं, मग टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "आता कसं सांगू," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना सांगता येईना. ते मनाचे वाईट नव्हते. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. "बघू," ते शेवटी म्हणाले. वहिनीला बघूचा अर्थ कळत होता. ती उठली.

जिन्यात फोटोग्राफर भेटला. त्यानं काचेपलीकडून सगळं ऐकलं असावं. "पोरीचा हात कसा आहे?" त्यानं विचारलं.

"बांधलाय. उतरेल सूज."

तो जिन्याच्या कठड्यावर बोट घासत उभा राहिला. "मला वाटलं नव्हतं हो, कुणी फोटो बघून शिकेल."

"मग फोटो कशाला असतो?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रविवारी सकाळी आतल्या अंगणात मी फेकणार आहे. सचिवांनी जागा दिलीय. यायचं तर या. पॉलिश आणू नका."

रविवारी कमिटीची बैठक होती. बैठकीआधी सभासद ऑफिससमोर चहा घेत उभे होते. वहिनी आली ती नेहमीच्या कपड्यांत, केस घट्ट बांधून. मागे पोरी, हाताला फडकं बांधलेलीसुद्धा. नवरा मशिनीची पेटी हातात घेऊन आला होता, का ते त्यालाच माहीत. "काही मोडलंच तर," तो म्हणाला. फोटोग्राफर एका खांबाशी उभा होता.

"सचिवसाहेब," वहिनी म्हणाली, "तुम्ही जागा दिलीत, मी आले. पण परत सांगते, फरशी फुटेल. एकदा हातात घेऊन बघता का?"

"अहो, तुम्ही सुरू करा हो!" सचिवांनी चहाचा कप उंचावला. "मी सांगितलंय ना, माझी जबाबदारी."

अध्यक्षही म्हणाले, "हं, बघू तरी आमच्या वहिनींचा खेळ." आणि सगळे प्रसन्न चेहऱ्यानं बघू लागले. पेपरातला फोटो बघताना असतात तसे.

वहिनीनं पोरींना आणि चहा पिणाऱ्या सगळ्यांना हातानं मागे सारलं, पार व्हरांड्याच्या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत. अंगणाच्या एका टोकाला ती पाठमोरी उभी राहिली. गोळा बोटांच्या मुळांवर घेतला, मानेत दाबला. खाली वाकली. जबडा आवळला. क्षणभर सगळं अंग एका जागी गोळा झालं, विहिरीतून भरली घागर वर यायच्या आधी दोर ताठ होतो तसं. मग ती मागे सरकली, फिरली, आणि पोटातून एक आवाज काढून तिनं हात मोकळा केला. चेहरा पिळवटलेला, दात दिसत होते, एक डोळा मिटलेला.

गोळा उंच गेला, हळू गेल्यासारखा दिसला, आणि पडला.

आवाज असा झाला की ऑफिसातला कारकून धावत बाहेर आला. फरशीचे तुकडे उडाले. दोन फरश्या गेल्या, तिसरीला चीर पडली, आणि गोळा गडगडत जाऊन भिंतीला लागला. भिंतीचा गिलावा पडला. सचिवांच्या कपातला चहा त्यांच्या सदऱ्यावर होता.

मग अध्यक्ष पायऱ्या उतरले, वाकून त्यांनी गोळ्याला हात घातला, एका हातानं. तो बोटांतून निसटला. दुसरा हात लावला. गुडघ्यापर्यंत उचलून त्यांनी तो परत ठेवला, अगदी अलगद, आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"हा तो फोटोतलाच का?" त्यांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "फोटोतला रबराचा होता. शेजारच्या मुलाचा चेंडू, बुटाचं पॉलिश लावून. चूक माझी पण आहे. मी धरला तो हातात."

एक सभासद हसला, मग दुसरा. मग सचिवच सदरा झटकत मोठ्यानं हसले. काही का असेना, माणूस हसू शकत होता. "म्हणजे मला माझ्या पदरचे भरावे लागणार तर," ते म्हणाले. नवऱ्यानं पेटी खाली ठेवून फरशीची चीर बोटानं तपासली आणि जाहीर केलं, "मशीन असती तर केली असती. हे गवंड्याचं काम."

बैठक चालली तेवढा वेळ पोरी बाहेर भिंतीवर बसून होत्या. ठरलं ते असं. गाड्या आतल्या अंगणात लागतील, नाहीतरी फरशी बदलायचीच आहे. मागचं वर्तुळ यंदा राहील. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. वहिनीनं ते ऐकून घेतलं. एक वर्ष म्हणजे एक वर्ष. शेतसुद्धा वर्षाच्या हिशोबानंच कसतात.

फोटोग्राफरनं अंगणातली ती फेक टिपली होती. पेपरात ती आली नाही. संपादकांनी बराच वेळ हातात धरली होती म्हणे, मग बाजूला ठेवली. त्यानं स्वतः ती मोठी करून घरी आणून दिली. सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"ही आपली?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, तोंड काय केलंयस हे! चारचौघांत?"

"तसंच होतं ते, आई."

सासूबाई फोटो सोडेनात. सुनेच्या मानेची शीर, वळलेला पाय, बोटांवरून नुकता सुटलेला काळा गोळा. त्या बराच वेळ बघत बसल्या. "एवढं जड असतं?" त्यांनी विचारलं. उत्तर मिळायच्या आधीच पुन्हा म्हणाल्या, "आणि मी समजत होते, तू सकाळी तिथे मैत्रिणींशी गप्पा मारायला जातेस. येताना भाजी आण म्हणून सांगत होते मेली मी."

"आणतच होते की."

"आणत होतीस," सासूबाई म्हणाल्या, आणि फोटो घेऊन आपल्या खोलीत गेल्या. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. पण परतही केला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी, मैदानावर दव होतं तेव्हा, पोरींनी बघितलं की वहिनीच्या मागून एक म्हातारी बाई जपून पाय टाकत येतेय. सासूबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथे आल्या. त्या फळीपासून लांब, भिंतीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका, तुमचं चालू द्या." पोरी फेकत राहिल्या. मनगटाचं फडकं सुटलेली पोर आपल्या पाळीला वर्तुळात आली, गोळा मानेत नीट दाबला, आणि तोंड इतकं वाकडं करून फेकला की सासूबाई "अगं आई!" म्हणाल्या आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून हसल्या.

शेवटी वहिनीनं एक फेक केली, आणि नियमाप्रमाणे वर्तुळाच्या मागच्या बाजूनं बाहेर आली. कामाची वेळ झाली होती. तिनं बूट झटकले, पिशवी खांद्याला लावली. "आई, या पोरी तुम्हाला घरी सोडतील," एवढंच म्हणाली आणि मैदान ओलांडून रुग्णालयाच्या बाजूला निघाली. दवात तिच्या पावलांची एक गडद ओळ उमटत गेली. पोरी गोळे गोळा करायला लागल्या होत्या, त्यांनी बघितलं नाही. सासूबाईंनी बघितलं. चष्मा पदरानं पुसून पुन्हा लावला, आणि ते रुंद खांदे फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत त्या बघत राहिल्या.